प्रयत्न कमी पडतात म्हणे

गुणवंतांचा सत्कार असो की जुम्म्याच्या नमाजनंतरची दोन मिनिटांची नसीहत, आमच्या पोरांना एक वाक्य हमखास ऐकवलं जातं: "तुम्ही प्रयत्नच करत नाही." परवा बदनापुरात एका मेळाव्यात पुन्हा तेच. बोलणारे साहेब पेन्शनवर होते. ऐकणाऱ्यांत माझे दोन जुने विद्यार्थी होते, दोघंही बी.एड. खाली मान घालून बसलेले. म्हणून लिहितोय.

साहेब, प्रयत्न म्हणजे नेमकं काय करायचं? राज्यात 2012 मध्ये शिक्षक भरतीवर बंदी आली. पुढे पवित्र पोर्टल आलं. भरतीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर 2017 मध्ये, दुसरी 2023 मध्ये, तिसरी 2025 मध्ये. म्हणजे 2012 ला चोविसाव्या वर्षी बी.एड. झालेला मुलगा पहिल्या चाचणीला 29 चा, दुसरीला 35 चा, तिसरीला 37 चा. खुल्या प्रवर्गाची वयोमर्यादा 38. मधल्या काळात त्यानं रोज फजरला उठून अभ्यास केला असता, तरी जिल्हा परिषदेत अर्ज द्यायचा कुठे? खासगी संस्थेत गेला तर गुणपत्रिकेआधी "किती देणार" हे विचारणारे भेटतात. बाप मोसंबीच्या बागेत मजुरी करतो, तो काय देणार?

उर्दू शाळांचं दुखणं आणखी वेगळं. बिंदुनामावलीप्रमाणे काही जागा अनुसूचित जाती-जमातींना राखीव असतात, पण त्या प्रवर्गातून उर्दू माध्यमात शिकलेले उमेदवार जवळपास मिळतच नाहीत. जागा रिकामी राहते, दोन वर्ग एका शिक्षकावर पडतात आणि उर्दूतून बी.एड. झालेला पोरगा गेटाबाहेर उभा. आरक्षण काढा, असं मी म्हणत नाही, कुणी तसा अर्थ काढूही नये. त्यांच्या तेवढ्याच जागा मराठी माध्यमात भरा, उर्दूतल्या मोकळ्या करा. हे काम एका शासन निर्णयाचं आहे. पोरांनी कितीही अर्ज केले तरी ते होणार नाही.

बेकारी मोजण्याची तऱ्हाही बघा. सरकारी श्रमबल सर्वेक्षणाच्या साप्ताहिक हिशेबात मागच्या 7 दिवसांत कुठल्याही दिवशी 1 तास काम केलं, तरी माणूस रोजगारात धरला जातो. माझा एक विद्यार्थी जालन्यात मोबाईलच्या दुकानात बसतो. तो बेकार नाही! त्याची डिग्री किती वर्षं कपाटात पडली आहे, हे त्या आकड्यात दिसत नाही.

याच महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला, 1977 मध्ये. काम मागितल्यावर 15 दिवसांत काम, नाहीतर भत्ता. अंमलात किती येतं ते सोडा, पण मजुरानं किती दिवस थांबायचं हे निदान कायद्यात लिहिलंय. शिक्षकाच्या थांबण्याला मुदतच नाही.

आपल्याकडूनही चूक झाली, मी नाकारत नाही. "बी.एड. कर, नोकरी पक्की" असं मीच कितीतरी पोरांना सांगितलंय. त्या दोघांनाही.

पुढच्या मेळाव्याला आमदार-खासदार येतील, तेव्हा माईक पोरांच्या हातात द्या. पुढची चाचणी कधी, आणि उर्दूच्या रिकाम्या जागांचं काय, एवढंच त्यांना विचारू द्या.