कब्रस्तानासाठी हरकत घेतो, मैदानासाठी का नाही?

गेल्या हिवाळ्यात मुंबईत शाश्वत वास्तुरचनेवरच्या एका जाहीर व्याख्यानाला गेलो होतो. पडद्यावर एकामागून एक सुंदर चित्रं येत होती. दगडी जाळ्या, मधला चौक, चौकातला हौद, जाड भिंती. वीज न जाळता घर थंड ठेवण्याची ही युक्ती आपल्याकडे शेकडो वर्षांपासून आहे, असं वक्ते सांगत होते. त्यातली निम्मी चित्रं मशिदी, मकबरे आणि जुन्या हवेल्यांची होती. पडद्यावर मुस्लिम कारागिरी भरपूर होती, खुर्च्यांवर मात्र मुस्लिम चेहरा शोधावा लागत होता.

प्रश्नोत्तरांत मी हात वर केला. म्हटलं, "मी मुंब्र्यात राहतो. खिडकी उघडली की समोरच्या घराचे गज हाताला लागतात. तिथे जाळी आणि चौक कुठे बसवायचा?" वक्ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तो प्रश्न आर्किटेक्टचा नाही, नगर नियोजनाचा आहे."

तेव्हा वाटलं, त्यांनी टाळलं. घरी येताना लोकलमध्ये विचार केला, तेव्हा पटलं की ते खरंच बोलले होते. प्रश्न इतकाच की त्या नियोजनाच्या चर्चेत आपण कुठे असतो?

मोठ्या सभागृहांत 'शाश्वत' या शब्दाचा अर्थ सौर पॅनेल, हिरवी छतं, मातीच्या विटा असा असतो. आपल्या वस्त्यांत त्याचा पहिला अर्थ फार साधा आहे: इमारत टिकली पाहिजे. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाट्याला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. बांधकाम अजून चालूच होतं आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबं राहायलाही आली होती. बिल्डरांसोबत पालिकेचे अधिकारी आणि पोलीसही अटकेत गेले. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारची शंभराहून जास्त वर्षं जुनी हुसैनी इमारत पडली, ३३ जण गेले. एक इमारत अगदी नवी होती, दुसरी अगदी जुनी. दोन्हीकडे माणसं धोका पत्करून राहत होती, कारण परवडेल आणि मिळेल असं दुसरं घर नव्हतं.

मिळेल हा शब्द मुद्दाम वापरतोय. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबईतली हजारो मुस्लिम कुटुंबं मुंब्र्याला आली. आजही चांगला पगार असलेल्या मुलाला नाव सांगितल्यावर भाड्याचं घर नाकारलं जातं, हे तुमच्यापैकी अनेकांनी अनुभवलं असेल. शहराचे बाकी दरवाजे बंद झाले की एका दरवाजाशी गर्दी होणारच. त्या गर्दीला 'यांना असंच राहायला आवडतं' म्हणणं अन्याय आहे.

पण सरकारी परवानगीने बांधलेलं घरही माणसाला आजारी पाडू शकतं. मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंड आणि गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडमध्ये प्रकल्पग्रस्तांना पक्की घरं मिळाली. इमारती इतक्या जवळजवळ बांधल्या की खालच्या मजल्यांवर ना ऊन पोहोचतं ना वारा. तिथल्या अभ्यासात क्षयरोगाचा संबंध घरातल्या कमी उजेडाशी आणि कोंदट हवेशी आढळला. नकाशावर दोन इमारतींमधलं अंतर कुणीतरी एका रेषेने ठरवलं होतं. त्या रेषेची किंमत कुणाच्या तरी फुप्फुसांनी मोजली. आमच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहणाऱ्या खाला म्हणतात, "दिवा बंद केला तर भात शिजला की करपला ते कळत नाही." सगळ्या व्याख्यानाचं सार त्या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे ज्ञान नव्हतं असंही नाही. कोकणातलं माझ्या नानांचं घर जांभ्या दगडाचं, कौलारू, पुढे पडवी, मागे विहीर. मे महिन्यात दुपारी पडवीत झोप लागायची. मग आखातातून पैसे आले, कौलं उतरली, स्लॅब पडला. आता वरच्या खोलीत एसीशिवाय बसवत नाही. औरंगाबादची पाणचक्की घ्या. दूरच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून आणून, उंचावरून सोडून त्यावर जातं फिरवलं. तिथल्या हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळे दालन थंड राहतं. त्याच शहरात त्याआधी मलिक अंबरने नहर बांधून वस्तीला पाणी दिलं होतं. आपण पाणचक्कीचा फोटो स्टेटसला ठेवतो आणि टँकरच्या रांगेत उभे राहतो. वारशाचा अभिमान जरूर असावा. पण मलिक अंबरचं मोठेपण एका इमारतीपुरतं नव्हतं. त्याने अख्ख्या शहराच्या पाण्याचा विचार केला होता. आपल्याला घ्यायचं ते तेच.

आज हा विचार होतो कुठे? 'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यानुसार प्रत्येक शहराचा विकास आराखडा बनतो, साधारण वीस वर्षांसाठी. आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा तयार होतो, म्हणजे आज कुठे काय आहे त्याची नोंद. मग प्रारूप आराखडा जाहीर होतो. त्यात कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे बाग, कुठे दवाखाना याची आरक्षणं असतात. मग महिना-दोन महिन्यांची मुदत देऊन नागरिकांच्या हरकती आणि सूचना मागवतात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होते. कुणीही नागरिक साध्या कागदावर हरकत लिहून देऊ शकतो. त्यासाठी वकील लागत नाही.

याने काही होतं का? मुंबईचं उदाहरण आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये २०३४ पर्यंतचा प्रारूप आराखडा जाहीर झाला. लोकांनी नकाशे उघडून पाहिले तर उभ्या इमारतींवरून रस्ते गेलेले, वारसा वास्तू आणि प्रार्थनास्थळं चुकीची दाखवलेली. हजारो हरकती आल्या. आराखडा मराठीत द्या, ही मागणीही जोरात झाली. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांना तो आराखडा मागे घेऊन दुरुस्तीचा आदेश द्यावा लागला. सुधारित मसुदा २०१६ मध्ये आला आणि मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. हे मोर्चाने घडलं नाही. लोकांनी आपापली गल्ली नकाशावर शोधली आणि चूक लिहून दिली, म्हणून घडलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे चूक कागदावर असताना सापडली तर दुरुस्ती तासाभराची असते, ग्राहकाच्या हातात गेल्यावर सापडली तर महिने जातात. शहराचंही तसंच आहे. आराखड्यावरची रेषा खोडायला एक अर्ज पुरतो. त्या रेषेवर सात मजले उभे राहिले की बुलडोझर लागतो, आणि बुलडोझर कुणाच्या दारात आधी येतो हे आपल्याला सांगायला नको.

आता थोडं आपल्या घरात पाहू. आराखड्यातला रस्ता मशिदीला किंवा कब्रस्तानाला लागतोय असं कळलं की एका रात्रीत सह्या गोळा होतात. व्हायलाच पाहिजेत. कब्रस्तानाची जागा हा आपला हक्क आहे आणि अनेक शहरांत ती अपुरी आहे. पण त्याच नकाशावर मुलींच्या शाळेचा, प्रसूतिगृहाचा, मैदानाचा तुकडा असतो. त्यावर आधी पत्र्याची शेड येते, मग गॅरेज, मग इमारत. तेव्हा सह्या कुठे जातात? बांधणारा बऱ्याचदा 'आपलाच माणूस' असतो, म्हणून आपण गप्प बसतो. त्यात कायद्याची एक बाब लक्षात ठेवा: आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर दिलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षण रद्द होतं. आपलं मैदान असं शांतपणे, कुठलीही दंगल न होता, जातं.

केंद्राच्या शहर नियोजनाच्या मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचवली आहे. म्हणजे प्रत्येकाला साधारण एका दहा बाय दहाच्या खोलीएवढी. आपल्या मोहल्ल्यात लहान मुलाच्या वाट्याला किती येते, हे एका रविवारी मोजून पाहा. मेलेल्यांच्या दोन गज जमिनीसाठी आपण भांडतो, जिवंत पोरांच्या दहा मीटरसाठीही भांडलं पाहिजे.

आणि सुनावणीला जातं कोण? गेलेच तर चार पुरुष. घरात उजेड किती, नळाला पाणी किती वाजता, गल्लीत दिवा नाही म्हणून मुलीचा क्लास कधी सुटला, हे ज्या बायकांना माहीत आहे त्या त्या खोलीत नसतात. शहराचा आराखडा ही जमातीच्या पुढाऱ्यांची खासगी बाब नाही. खालांचं ते भाताचं वाक्य सुनावणीच्या नोंदीत यायला हवं.

म्हणून तरुण वाचकांपुढे तीन कामं ठेवतो. पहिलं, आपल्या प्रभागाचा विकास आराखडा पालिकेच्या संकेतस्थळावरून किंवा नगररचना विभागातून मिळवा. तुमच्या भागातली सगळी आरक्षणं वहीत लिहा आणि प्रत्यक्ष जागेवर जाऊन आज तिथे काय आहे त्याचा फोटो काढा. चार मित्रांचं दोन रविवारचं काम आहे. दुसरं, ही माहिती मराठी आणि उर्दूत, एका पानावर, मोहल्ल्यात वाटा. बैठक अशा वेळी आणि अशा जागी घ्या की बायका येऊ शकतील. सरकारी नकाशाची भाषा लोकांच्या भाषेत आणणं हे आपल्या पिढीला जमण्यासारखं आहे.

तिसरं काम कुणाच्याही परवानगीची वाट न पाहता सुरू होईल. वाहत्या नदीकाठीही वजूत पाणी वाया घालवू नये, ही शिकवण आपण लहानपणी ऐकली. मशिदीचं छत २०० चौरस मीटरचं असेल आणि पाऊस वर्षाला २,००० मिलिमीटर, तर त्या छतावर ४ लाख लिटर पाणी पडतं. गळती-बाष्पीभवन सोडून ३ लाख लिटर तरी जमिनीत मुरवता येईल. वजूचं पाणी गाळून शौचालयाला आणि झाडांना वापरता येईल. जुम्म्याला शेकडो माणसं एकत्र येतात. शाश्वततेचं यापेक्षा मोठं जाहीर व्याख्यान कुठलं?

त्या सभागृहातल्या वक्त्यांवर माझा राग नाही. त्यांनी पत्ता बरोबर सांगितला. आता तुमच्या शहराचा प्रारूप आराखडा जाहीर होईल, तेव्हा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत एक सूचना येईल. ती वाचा, मुदत लिहून ठेवा आणि हरकतीचा पहिला अर्ज एखाद्या मैदानासाठी द्या.