बियाण्याची मालकी आणि कोरडवाहू शेतकरी

पुण्याच्या छावणीला पिण्याचे पाणी आणि पूर्वेकडील कोरड्या तालुक्यांना शेतीचे पाणी मिळावे म्हणून १८७९ साली खडकवासल्याचे धरण सरकारी पैशातून उभे राहिले. त्याच्या पाण्यावरून पुणे शहर आणि हवेली, दौंड, इंदापूरचा शेतकरी यांच्यात आजही तंटा चालतो. तरीही पाणी समाजाचे आहे आणि त्याचे वाटप हा सार्वजनिक निर्णयाचा विषय आहे, हे तत्त्व दोन्ही बाजूंना मान्य असते. पाण्याइतकेच मूलभूत असलेल्या बियाण्याच्या बाबतीत मात्र हे तत्त्व हातचे निसटले आहे. जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या फायद्या-तोट्यांची चर्चा व्हायची तर ती येथून सुरू झाली पाहिजे.

महाराष्ट्राचा या पिकांचा अनुभव कपाशीचा आहे. मार्च २००२ मध्ये केंद्राच्या मान्यता समितीने जालन्याची महिको आणि अमेरिकेतील मोन्सँटो यांच्या बीटी कपाशीच्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. जमिनीतील एका जीवाणूचा जनुक कपाशीत घातल्याने झाडातच बोंडअळीला मारक असे प्रथिन तयार होते. प्रारंभीच्या वर्षांत हिरवी बोंडअळी आटोक्यात आली, तिच्यासाठीच्या फवारण्या घटल्या. देशातील रुईचे हेक्टरी उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे ३०० किलो होते, ते २००७-०८ मध्ये साडेपाचशे किलोंवर गेले. या वाढीत गुजरातेतील सिंचनाचा आणि वाढत्या खतांचाही वाटा होता. पण बीटीचा वाटा नाकारणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शेतकऱ्याने हे बियाणे पदरचा पैसा मोजून घेतले. तो केवळ जाहिरातीला भुलला असे म्हणणे हा त्याच्या शहाणपणाचा अपमान आहे.

परंतु या फायद्याचे अर्थशास्त्र नीट समजून घेतले पाहिजे. बीटी जनुक उत्पादन वाढवीत नाही, अळीने होणारे नुकसान टाळतो. जेथे पाणी आहे, पीक भरघोस आहे, तेथे टळलेले नुकसानही मोठे असते. विदर्भ-मराठवाड्यातील बहुतांश कपाशी पावसावर अवलंबून आहे. पाकिटाची किंमत मात्र बागायतदाराला आणि कोरडवाहू शेतकऱ्याला सारखीच. पाऊस रुसला की तो खर्च मातीत जातो आणि कर्ज तेवढे उरते. शेतकरी आत्महत्यांचे सारे खापर या बियाण्यावर फोडणे चूक ठरेल, कारण ते दुष्टचक्र २००२ च्या आधीच सुरू झाले होते. पण आधीच वाकलेल्या पाठीवर या महाग बियाण्याने आणखी जोखीम लादली, हेही खरेच.

शिवाय भारतात हा जनुक जवळजवळ संकरित वाणांतूनच विकला गेला. संकरित वाणाची सरकी पुढल्या वर्षी पेरून उपयोग नसतो. म्हणजे शेतकरी दरवर्षी दुकानाच्या दारात. ४५० ग्रॅमच्या पाकिटाला प्रारंभी १,६०० रुपयांहून अधिक पडत. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारीविरोधी आयोगाकडे दाद मागितल्यावर ही किंमत ७५० रुपयांवर आली. २०१६ पासून केंद्राने किंमत बांधून दिली आणि २०२० मध्ये जनुकाचे स्वामित्वशुल्क शून्यावर आणले. मक्तेदारी हा निसर्गनियम नव्हे, शासनाची इच्छा असेल तर ती वाकते, हा यातील धडा आहे.

दरम्यान निसर्गाने आपला हिशेब चुकता केला. अळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून कडेने बीटी नसलेल्या कपाशीचा पट्टा लावायचा होता. तो कागदावरच राहिला. दीर्घ मुदतीचे संकरित वाण आणि त्यावर घेतलेली फरदड यांमुळे गुलाबी बोंडअळीला दीर्घकाळ अन्न मिळाले. तिची प्रतिकारशक्ती २०१० पर्यंत गुजरातेत उघड झाली आणि २०१७ मध्ये तिने महाराष्ट्रातील कपाशी पोखरून काढली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पाठीवर पंप घेणाऱ्या मजुराला बियाण्याच्या निवडीत मत नव्हते आणि नफ्यात वाटा नव्हता. विष मात्र त्याच्या वाट्याला आले.

याला पर्याय नव्हता काय? महिकोच्याच बीटी वांग्यावर भारतात फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली. तोच जनुक बांगलादेशात सरकारी कृषी संशोधन संस्थेने स्थानिक सरळ वाणांत घातला आणि २०१४ पासून शेतकऱ्यांना दिला. त्या वांग्याचे बी शेतकऱ्याला घरी राखता येते. जनुक एकच, मालकीची व्यवस्था निराळी. आपल्याकडे नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था ज्या प्रयत्नात सहभागी होती तो सार्वजनिक बीटी वाण मात्र त्यात मोन्सँटोचाच जनुक आढळल्याने गुंडाळावा लागला. ही नामुष्की सार्वजनिक संशोधन सोडून देण्याचे कारण नव्हे, ते सक्षम आणि उत्तरदायी करण्याचे आहे.

बंदी किंवा मोकळे रान, एवढेच दोन मार्ग मानणाऱ्यांनी अकोल्याकडे पाहावे. तणनाशक सहन करणारी कपाशी बेकायदा असूनही २०१९ मध्ये तेथे शेतकऱ्यांनी ती जाहीरपणे पेरली. निंदणीचा खर्च त्यांना झेपत नाही, ही अडचण खरी आहे. पण निंदणी हीच गावातील भूमिहीन स्त्रियांची मजुरी आहे, हेही तितकेच खरे. चोरट्या बियाण्याला ना पावती ना हमी. फसलेल्या शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी?

म्हणून समाजवादी चळवळीची भूमिका विज्ञानविरोधी असता कामा नये आणि कंपन्यांच्या दावणीला बांधलेलीही असता कामा नये. कोरडवाहू जमिनीसाठी अल्प मुदतीचे सरळ वाण कृषी विद्यापीठांनी द्यावेत. चाचण्या कंपनीच्या नव्हे, स्वतंत्र यंत्रणेच्या हाती असाव्यात आणि त्यांचे निष्कर्ष मराठीतून प्रसिद्ध व्हावेत. वाण फसल्यास भरपाई विक्रेत्याकडून वसूल व्हावी. बियाणे राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाणीचा जो हक्क २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला दिला आहे, तो गावोगावी समजावून सांगणे हे कार्यकर्त्यांचे तातडीचे काम आहे. पेरणीपूर्वीच्या सभांतून त्याला आरंभ करावा, पावत्या आणि रिकामी पाकिटे जपून ठेवण्यास सांगावे आणि तक्रारी तालुका पातळीवर एकत्र करून लढवाव्यात. मालकीचा प्रश्न सुटल्याखेरीज कोणतेही नवे बियाणे कोरडवाहू शेतकऱ्याच्या बाजूचे होणार नाही.