खेळ, विद्या आणि वेतन

अमेरिकेंतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचे सामने पाहण्यास सहस्रावधि लोक पैसे मोजतात. नामांकित संघांच्या क्रीडाशिक्षकांस लक्षावधि डॉलर मिळत. खेळाडूंस मात्र शिष्यवृत्ति व निर्वाहखर्च यांवांचून कांहीं घेण्याची मनाई असे. २०२१ सालीं स्वतःच्या नांवावर जाहिरातींचें द्रव्य घेण्याची मोकळीक झाली. २०२५ च्या जुलैपासून महाविद्यालयेंही प्रत्यक्ष मोबदला देऊं लागलीं.

‘विद्येचा बाजार मांडला!’ असें एक स्नेही म्हणाले. स्मृतिकारांनींही वेतन घेऊन शिकविणारास ‘भृतकाध्यापक’ म्हणून हिणविलेंच आहे. परंतु मीं जन्मभर वेतन घेऊनच शिकविलें. त्यावर घर चाललें, विद्या कांहीं बाटली नाहीं. मग घाम गाळणाऱ्या विद्यार्थ्यासच निष्कामतेचा उपदेश कां? मात्र व्यावसायिक संघांत शिरकाव थोड्यांचाच होतो. म्हणून वाचकहो, मोबदला अवश्य द्यावा. पण पदवी हातची सुटूं देऊं नये.