बातमीच्या ताग्यात जाहिरातीचे कापड

आमच्या वर्धा जिल्ह्यात कापडाचा धंदा कापसावर चालतो. हिंगणघाट, पुलगावकडे कापसाला भाव मिळाला की शेतकरी जुनी उधारी चुकती करतो, लग्नाचा बस्ता बांधतो, शिंप्यालाही काम मिळते. म्हणून बीटी बियाण्याचा वाद हा केवळ शास्त्रज्ञांचा नाही, आपल्या गल्ल्याचाही आहे.

बीटी कापसाला केंद्र सरकारने २००२ साली परवानगी दिली. एका जिवाणूचा अळी मारण्याचा गुण या बियाण्यात घातलेला आहे. सुरुवातीला बोंडअळीसाठीची फवारणी कमी झाली, हे खरे. पण संकरित बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागले, आणि पुढे गुलाबी बोंडअळी त्याला जुमानेना. २०१७ साली विदर्भाने तिचा तडाखा सोसला. अशा प्रकरणाच्या दोन्ही बाजू लोकांपुढे ठेवणे हे वर्तमानपत्राचे काम.

घडले काय? शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील भांबराजा आणि अंतरगाव येथे बीटीमुळे भरभराट झाली, आत्महत्या नाहीत, असा मजकूर 'टाइम्स ऑफ इंडिया'ने २००८ साली बातमी म्हणून छापला. २०११ साली तोच मजकूर जाहिरात म्हणून परत आला. खूण मात्र बारीक अक्षरांत. २०१२ साली पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'त ही गोष्ट उघड केली. त्याच वर्षी भांबराजाच्या गावकऱ्यांनी संसदीय समितीला आपल्या गावातील १४ आत्महत्या सांगितल्या होत्या.

उलट बाजूनेही अतिरेक झाला. कर्ज, पडलेला भाव, कोरडवाहू जमीन ही कारणे बाजूला ठेवून प्रत्येक मृत्यूचा दोष एकट्या बियाण्यावर टाकला गेला. या गोंगाटात खरा सवाल राहून गेला: नव्या बियाण्याची जोखीम कोणाच्या डोक्यावर, नफा कोणाच्या खिशात, आणि पेरणाऱ्याला पुरती माहिती कोण देणार?

व्यापारी बंधूंनो, ताग्यात ऐब असेल तर इमानदार दुकानदार कापड फाडण्याआधीच दाखवतो. वर्तमानपत्रालाही हाच कायदा लागू व्हावा. सणासुदीला जाहिराती आपणही देतो. तेव्हा 'जाहिरात' हा शब्द ठळक छापा, असा आग्रह आधी आपण धरू. आणि बियाण्याची बातमी वाचताना एवढे जरूर विचारू, या पानाचे पैसे कोणी भरले?