सेंद्रिय शेतीचा हिशेब आणि लहान शेतकरी

सेंद्रिय शेतीचा विषय निघाला की गावाच्या पारावर दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, रासायनिक खतावाचून पीक येणेच शक्य नाही. दुसरा म्हणतो, गोठ्यात गाय असली म्हणजे शेतीला खर्चच उरत नाही. ज्याला दोन-चार एकरांवर संसार चालवावयाचा आहे, त्याच्या उपयोगाचे यांपैकी एकही मत नाही. त्याचा प्रश्न साधा आहे. पद्धत बदलली तर पहिली दोन-तीन वर्षे घर कसे चालावयाचे? ज्या संशोधनात या प्रश्नाचे उत्तर नाही, ते पिकाच्या दृष्टीने कितीही अचूक असले तरी लहान शेतकऱ्याच्या दृष्टीने अपुरेच होय.

या बाबतीत मध्य प्रदेशातील निमाड भागात झालेले काम लक्षात घेण्याजोगे आहे. तेथील काळी जमीन आणि कापसाचे पीक विदर्भ-खानदेशातील शेतकऱ्यास परके नाही. खरगोन जिल्ह्यातील कसरावद येथे स्वित्झर्लंडमधील सेंद्रिय शेती संशोधन संस्थेच्या पुढाकाराने २००७ साली एक दीर्घ मुदतीचा तौलनिक प्रयोग सुरू झाला. त्याच्या पहिल्या चार वर्षांचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. २००७-०८ या पहिल्या फेरीत सेंद्रिय पद्धतीत कापसाचे उत्पादन २९ टक्क्यांनी आणि गव्हाचे २७ टक्क्यांनी कमी आले. चालू खर्च वजा जाता उरणारी शिल्लकही रासायनिक पद्धतीत २९ टक्क्यांनी अधिक होती. २००९-१० या दुसऱ्या फेरीत चित्र पालटले. कापूस व गहू यांचे उत्पादन सर्व पद्धतींत जवळजवळ सारखे आले आणि खर्च कमी असल्याने सेंद्रिय पद्धतीची शिल्लक २५ टक्क्यांनी अधिक भरली.

सेंद्रिय शेतीच्या पुरस्कर्त्यांनी यातील एक गोष्ट दृष्टिआड करू नये. दुसऱ्या फेरीत अंतर मिटले, ते रासायनिक पद्धतीतील उत्पादन घटल्यामुळे मिटले. विरोधकांनीही पहिल्या फेरीवरच थांबू नये. परंतु लहान शेतकऱ्यासाठी यातील खरा बोध निराळा आहे. दुसऱ्या फेरीचा लाभ त्यालाच मिळतो, ज्याच्यापाशी पहिली फेरी निभावून नेण्याचे बळ असते.

याच निमाडात ६० सेंद्रिय व ६० प्रचलित पद्धतीच्या शेतांची दोन हंगाम पाहणी होऊन तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले होते. सेंद्रिय कापसाला २० टक्के अधिक भाव मिळत असल्याने आणि खर्चही कमी असल्याने, त्या शेतांतील कापसाची शिल्लक ३० ते ४० टक्क्यांनी अधिक आढळली. तथापि फेरपालटाची इतर पिके सामान्य भावानेच विकली गेली. त्यामुळे संपूर्ण शेतीच्या उत्पन्नातील वाढ १० ते २० टक्केच राहिली. एका पिकाचा हिशेब निराळा आणि घराचा हिशेब निराळा, हे यावरून ध्यानात यावे.

प्रमाणीकरणाच्या नियमांचीही येथे गाठ पडते. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमानुसार हंगामी पिकांना सामान्यतः दोन वर्षांचा आणि बहुवर्षायू पिकांना तीन वर्षांचा परिवर्तनकाळ पाळावा लागतो. या काळात माल प्रमाणित सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. म्हणजे उत्पादन घटण्याची भीती आणि वाढीव भावाचा अभाव ही दोन्ही संकटे एकदमच येतात. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर, म्हणजे सुमारे सव्वातीन एकर आहे. एवढ्या जमिनीवर एक हंगाम बुडाला तरी सावकाराचे दार दिसते.

दुसरा प्रश्न खताचा व श्रमाचा. युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. चांगल्या शेणखताच्या एका टनात ते साधारण ५ किलो असते. शेणखताने जमिनीचा पोत सुधारतो व इतर अन्नद्रव्येही मिळतात, हे खरे. परंतु एका गोणीइतके नत्र द्यावयाचे तर चार टन खत, म्हणजे अर्ध्या टनाची गाडी धरल्यास आठ गाड्या, शेतावर न्याव्या लागतील. २०१२ व २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातील गाई-बैलांची संख्या घटली आहे. ज्याच्या दावणीला जनावर नाही, त्याने शेण विकत घेतले तर 'बिनखर्ची' शेती कशी राहील?

हे श्रम कोण करतो, हेही पाहिले पाहिजे. निंबोळ्या वेचण्याचे दिवस नेमके पेरणीच्या घाईचे असतात. वेचणे, वाळवणे, कुटणे, खुरपणी करणे ही कामे बहुधा घरातील स्त्रियांवर पडतात. त्यांची मजुरी द्यावी लागत नाही म्हणून ती खर्चात मांडली जात नाही. केंद्र शासनाचा कृषी उत्पादनखर्च व मूल्य आयोग कुटुंबाच्या श्रमाचे मोल खर्चात धरतो. मग सेंद्रिय शेतीच्या हिशेबात ते का धरू नये?

याचा अर्थ सेंद्रिय शेतीचा नाद सोडावा, असा मुळीच नाही. इंदूरच्या संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काडीकचरा व शेण यांपासून उत्तम खत करण्याची रीत बसवली आणि १९३१ साली ती ग्रंथरूपाने जगापुढे ठेवली. तिचे मोल आजही कमी झालेले नाही. परंतु खताची रीत सिद्ध झाली म्हणून घराचा हिशेब आपोआप सिद्ध होत नाही. परंपरागत कृषी विकास योजनेत गटाला तीन वर्षे साहाय्य देण्याची जी तरतूद आहे, तिचे यश किती एकर क्षेत्र नोंदले गेले यावरून न मोजता, तीन वर्षांनंतर किती कुटुंबे त्याच पद्धतीवर टिकली आणि त्यांचे कर्ज वाढले की घटले, यावरून मोजले जावे. पाहणी करणाऱ्यांनी शेत सोडून गेलेल्यांचीही गाठ घ्यावी. त्यांच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ असते.

शेतकरी बंधुभगिनींनी प्रथम गोठ्याजवळचा एखादा लहान तुकडा निवडून दोन हंगाम अनुभव घ्यावा. बी, खत, मजुरी आणि घरच्या माणसांचे दिवस वहीत नोंदवावेत व शेजारच्या तुकड्याशी ताळा पाहावा. प्रमाणपत्र घ्यावयाचे असल्यास संपूर्ण धारणक्षेत्राविषयीचे नियम आधी समजून घ्यावेत, आणि गिऱ्हाईक ठरल्यावाचून वाढीव भावाचा भरवसा धरू नये. जमिनीचा कस राखणे हे शेतकऱ्याचे कर्तव्य खरेच. पण त्या काळात त्याची चूल पेटती राहील अशी व्यवस्था करणे हे समाजाचेही कर्तव्य आहे.