तिसऱ्या चाकाचं काय?

रविवारी सकाळी सातच्या आत हिंजवडी फेज थ्रीला गेलात तर ओळखू येणार नाही असं हिंजवडी भेटतं. हॉर्न नाही, कॅब नाही, शिवाजी चौकातली ती रोजची रडकथा नाही. अशाच एका सकाळी एका कंपनीच्या रिकाम्या पार्किंगमध्ये एक कॉलेज टीम आपली तीनचाकी इलेक्ट्रिक गाडी टेस्ट करायला घेऊन आली होती. गाडी मस्त होती. वेल्डिंग स्वच्छ, वायरिंग नीट, सीटवर स्पॉन्सरचे स्टिकर. आणि ही सगळी मेहनत पिकअपच्या हौद्यात पिवळ्या नायलॉनच्या दोरीने बांधलेली. उतरवायला आठ जण लागले. त्यातल्या एकाचं बोट चेमटलं.

मला हसू आलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी आम्हीही हेच केलं होतं. आमची गाडी एफिसायकल स्पर्धेसाठी होती. म्हणजे एसएईइंडियाची ती स्पर्धा, ज्यात दोन जण पेडल मारतात, जोडीला मोटर असते आणि चाकं तीन असतात. वर्षभर चेसिसचं अ‍ॅनालिसिस केलं. वाहतुकीचा विचार निघायच्या आदल्या रात्री, चहाच्या टपरीवर केला. चाकण, नाशिक, धुळे करत उत्तरेला निघालो. धुळ्याच्या पुढे ढाब्यावर थांबलो तेव्हा पुढच्या चाकाची एका बाजूची दोरी सैल पडलेली आणि दुसरी बाजू ताणून धरलेली. सगळ्या रस्त्याचे हादरे त्या एकट्या चाकाने आडवे खाल्ले होते. फोर्क वाकला होता. पुढे बिजासन घाट बाकी होता. तो कसा पार केला ते घरी अजून सांगितलेलं नाही. टेक इन्स्पेक्शनला आम्ही एक दिवस उशिरा उभे राहिलो.

माझं म्हणणं साधं आहे. गाडी कशावरून न्यायची हा डिझाइनचाच भाग आहे, आणि तीनचाकीच्या बाबतीत तर जास्तच. चारचाकीसाठी बनवलेली कुठलीही सोय तीनचाकीला तशीच्या तशी चालत नाही.

नेहमीचा कार नेणारा छोटा ट्रेलर डोळ्यांपुढे आणा. दोन बाजूंना दोन चॅनल, चाकं त्यात बसतात, मधे वजन वाचवायला मोकळी जागा. आता त्यावर रिक्षा चढवा. मागची दोन चाकं चॅनलवर, पुढचं हवेत! म्हणून पहिली अट म्हणजे पूर्ण सपाट डेक, नाहीतर तिसरा, मधला चॅनल. आणि मधला चॅनल असला तर मधला रॅम्पही हवा. हे इतकं उघड आहे की लोक विसरतात. मग ऐनवेळी फळी शोधतात, आणि फळी मधोमध मोडते.

दुसरी गोष्ट तोलाची. चार चाकांच्या गाडीचा पाया चौकोन असतो, तीनचाकीचा त्रिकोण. गाडीचं वजन ज्या बिंदूवर आहे तो त्रिकोणाच्या आत राहिला पाहिजे. ओढणाऱ्या गाडीने ब्रेक मारला की सगळा जोर पुढे जातो. तिथे त्रिकोणाचं टोक असेल, म्हणजे एकटं चाक, तर बाजूला आधार कमी. ब्रेकच्या जोडीला वळण आलं की गाडी तिरकी कलायला बघते. रिक्षा कुठल्या वळणावर कशी कलते हे पुण्यात राहणाऱ्याला समजावून सांगायची गरज नाही. म्हणून माझा नियम असा, की दोन चाकांची बाजू ओढणाऱ्या गाडीकडे ठेवायची. पुढे दोन चाकं असलेली तीनचाकी तोंड पुढे करून चढवा. रिक्षासारखी, पुढे एक चाकवाली, उलटी चढवा. उलटी चढवणं कटकटीचं आहे, मान्य. त्यासाठी हाताने फिरवायची विंच बसवा. आठ मित्र आणि एक चेमटलेलं बोट यापेक्षा ती स्वस्त पडते.

तिसरी गोष्ट हुकवरच्या भाराची, आणि जीव जातो तो इथे. ट्रेलरचं वजन मागे जास्त पडलं तर वेगात तो डुलायला लागतो, शेपूट मारतो, आणि एकदा सुरुवात झाली की ड्रायव्हरच्या हातात फार काही उरत नाही. कात्रज-देहूरोड बायपासवर त्या शेपटीच्या मागे कोण असतं? दुचाकीवरून ऑफिसला निघालेला कुणीतरी. म्हणून एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के भार हुकवर यावा असं डिझाइन करतात. गणित बारावीचं आहे. समजा गाडी २०० किलो, ट्रेलर २५० किलो, एकूण ४५०. हुकवर ४५ किलो हवे. त्यातले १५ ट्रेलर स्वतः देतो असं धरू, उरले ३०. हुकपासून अ‍ॅक्सल अडीच मीटरवर असेल तर ३० गुणिले २.५ म्हणजे ७५, भागिले २००. उत्तर ०.३७५ मीटर. गाडीचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या सव्वा फूट पुढे आला की काम झालं. तिथे एक अडथळा वेल्ड करा, म्हणजे गाडी दर वेळी त्याच जागी थांबेल. हे सव्वा फूट शोधायला सॉफ्टवेअर लागत नाही. वजनकाट्यावर गाडीचं पुढचं आणि मागचं वजन वेगळं घ्यायचं, बस.

बांधण्याबद्दल थोडक्यात. नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणून नको. रॅचेटवाले पट्टे घ्या. युरोपात माल बांधताना धरायचा हिशोब असा आहे की पुढच्या दिशेने वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट जोर रोखता आला पाहिजे. २०० किलोच्या गाडीला पुढे १६० आणि बाजूला १०० किलोचा जोर. चेसिसला बांधलं तर सस्पेन्शन खालीवर होतं आणि पट्टा सैल पडतो, म्हणून चाकंच बांधा. एकट्या चाकाला दोन्ही बाजूंनी सारखा ताण द्या, आणि खाली त्याच्या रुंदीचा खोबणीसारखा ठोकळा ठेवा. पंधरावीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ताणा. आम्ही धुळ्याच्या पुढे थांबलो होतो. उशीर झाला होता.

आता कुणी म्हणेल, एवढा ट्रेलरचा खटाटोप कशाला, छोटा हत्ती बोलाव की! बरोबर आहे, पण मोजून बोलवा. साध्या बजाज रिक्षाची लांबी २.६ मीटरच्या पुढे आहे आणि छोट्या हत्तीचा हौदा जेमतेम सात फूट. फळका उघडा ठेवून गाडीचं बूड बाहेर लटकवत नेण्यापेक्षा नऊ फुटी पिकअप बरी. वर्षातून एकदाच स्पर्धेला जाणाऱ्या टीमने ट्रेलरच्या नादी लागूच नये. पिकअपच्या हौद्यात बोल्टने बसेल अशी तीन चाकांची फ्रेम बनवावी. आठवड्याच्या सबमिशनएवढं काम आहे ते.

पण जी टीम दर आठवड्याला टेस्टिंग करते तिचा पिकअपच्या भाड्यातच बजेटचा लचका जातो. तिथे ट्रेलर हवा. आणि तिथे कायदा येतो. भोसरीत कुणाकडून तरी ट्रेलर वेल्ड करून घेतला आणि सरांच्या एसयूव्हीला अडकवला, असं नसतं हो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हाही मोटार वाहनच आहे. त्याला स्वतःची नोंदणी लागते, स्वतःचा नंबर असतो, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरवर दिसावा लागतो. जुगाड ट्रेलर रस्त्यावर आणून अपघात झाला तर ‘स्टुडंट प्रोजेक्ट होता’ हे उत्तर कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये.

एकेका कॉलेजला हे जड जातं. मग एकत्र का नाही? निगडी, आकुर्डी, रावेत, ताथवडे, एवढ्याशा पट्ट्यात किती इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत बघा. सगळ्यांच्या टीम एकाच महिन्यात स्पर्धेला जात नाहीत. चारपाच कॉलेजांनी मिळून एक नोंदणी केलेला, नीट बनवलेला, सपाट डेकचा ट्रेलर घ्यावा. डेकवर ओळीने भोकं असलेल्या लोखंडी पट्ट्या, म्हणजे कुठल्याही मापाच्या गाडीला हवा तिथे पट्टा अडकवता येईल. वेल्ड केलेल्या अडथळ्याऐवजी सरकवता येणारा, आणि प्रत्येक टीमची त्याची जागा वेगळ्या रंगाच्या ऑइलपेंटने आखलेली. मला माहितीय, कॉलेजं एकमेकांना स्पॅनरही देत नाहीत. स्पर्धेत हरवायचं असतं ना एकमेकांना. पण रस्त्यावर कसली स्पर्धा?

या गावाला तीन चाकांचं वावडं नाही, उलट नातं जुनं आहे. बजाजला दुचाकी-तीनचाकी बनवायचा परवाना १९५९ मध्ये मिळाला आणि पुढे आकुर्डीचं नाव रिक्षाशी जोडलं गेलं. आपण ज्याला सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो तो शब्दही एका जर्मन कंपनीच्या तीनचाकी मालवाहू गाडीवरून आला, तिची भारतीय आवृत्ती बजाज टेम्पोने काढली होती. आज रिक्षा वाळूजला आणि बारामतीला बनतात, आणि तिथून त्या देशभर जातात त्या कुणाच्या तरी नीट विचार केलेल्या मांडणीमुळे, दोरीच्या भरवशावर नाही. हिंजवडीत स्क्रीनवर गाड्या डिझाइन करणाऱ्या किती सीनिअर्सशी तुमची ओळख आहे? स्पॉन्सरशिप मागायला जाताच, तर या वेळी स्टिकरच्या पैशांऐवजी ट्रेलरचं ड्रॉइंग तपासून मागा.

त्या रविवारी मी त्या टीमला माझे दोन रॅचेट पट्टे देऊन आलो. कॅप्टन मुलगी होती, तिसऱ्या वर्षाची. तिने पहिला प्रश्न विचारला, “दादा, पुढच्या चाकाला नक्की कुठे अडकवायचा?” आम्ही अर्धा तास तेच करत बसलो.