‘विद्यार्थी-खेळाडू’ कोणाच्या सोयीचा?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा निष्ठावंत चाहता सध्या रुष्ट आहे. आपल्या विद्यापीठाच्या संघातील पाच नावे पाठ होतात न होतात तोच हंगाम संपतो आणि त्यांपैकी निम्मेअधिक खेळाडू दुसऱ्याच विद्यापीठाचा गणवेश चढवतात, ही त्याची तक्रार. युरोपात बार्सिलोनाकडून व्यावसायिक म्हणून खेळलेल्या आणि २०२३ साली एन.बी.ए.च्या निवडीत ३१व्या क्रमांकावर घेतल्या गेलेल्या जेम्स नाजी याला डिसेंबर २०२५ मध्ये बेलर विद्यापीठाने ऐन हंगामात आपल्या संघात दाखल करून घेतले, तेव्हा या रोषाला आणखी धार आली. पैशाने खेळ नासवला, असा या चाहत्याचा निष्कर्ष आहे. त्याचे दुःख खरे आहे. निदान मात्र चुकले आहे.

आपल्याकडे आंतरविद्यापीठ सामन्यांना प्रेक्षक म्हणून बहुधा खेळाडूंचे मित्रच हजर असतात. त्यामुळे या प्रश्नाचा आवाका प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. १८९१ च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्ड येथील वाय.एम.सी.ए.च्या शाळेत जेम्स नेस्मिथ यांनी फळांच्या टोपल्या टांगून हा खेळ सुरू केला, तो हिवाळ्यात बंदिस्त जागेत मुलांना व्यायाम मिळावा म्हणून. आज एन.सी.ए.ए. या महाविद्यालयीन क्रीडासंस्थेच्या मार्च महिन्यातील पुरुषांच्या स्पर्धेच्या प्रक्षेपणहक्कांचा आठ वर्षांचा वाढीव करारच ८८० कोटी डॉलरचा आहे. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी निगडित सर्वाधिक पगार राज्यपालांचा नसतो. विद्यापीठाच्या फुटबॉल वा बास्केटबॉल प्रशिक्षकाचा असतो. या व्यवहारात अनेक दशके फक्त एकाच घटकाने निरिच्छ राहावे अशी अपेक्षा होती, आणि तो घटक म्हणजे प्रत्यक्ष मैदानात धावणारा मुलगा.

त्याच्या निरिच्छेला ‘विद्यार्थी-खेळाडू’ असे भारदस्त नाव देण्यात आले. हे नाव शिक्षणप्रेमातून जन्माला आलेले नाही. कोलोरॅडोतील एका लहान महाविद्यालयाचा फुटबॉलपटू १९५५ साली सामन्यातील दुखापतीने मरण पावला आणि त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाईचा दावा लावला. खेळाडू हा कर्मचारी ठरला तर महाविद्यालयांवर केवढा बोजा पडेल, ही धास्ती त्या काळात संस्थाचालकांना होती. एन.सी.ए.ए.चे त्या वेळचे मुख्याधिकारी वॉल्टर बायर्स यांनी हा जोडशब्द रूढ केला तो या धास्तीपोटी. त्या विधवेचा दावा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली फेटाळला. पुढे निवृत्तीनंतर, १९९५ च्या आपल्या पुस्तकात, बायर्स यांनीच या व्यवस्थेवर कठोर टीका केली, हा इतिहासाचा एक विनोदच म्हटला पाहिजे.

२०१४ साली कनेक्टिकट विद्यापीठाने अजिंक्यपद मिळवले. त्या संघाचा आधारस्तंभ शबाझ नेपियर याने त्याच सुमारास वार्ताहरांना सांगितले की, काही रात्री आपण उपाशीपोटी झोपतो. हजारो प्रेक्षकांनी भरलेल्या बंदिस्त मैदानात ज्याच्या नावाचा घोष होतो त्याची ही कथा. काही दिवसांतच एन.सी.ए.ए.ने खेळाडूंच्या जेवणावरील मर्यादा उठवली. म्हणजे तोवर विद्यार्थ्याने किती जेवावे याचेही नियम होते!

ही इमारत अखेर न्यायालयांनी पाडली. आपली छबी एका व्हिडिओ खेळात विकली जात असल्याचे पाहून एड ओबॅनन या माजी खेळाडूने २००९ मध्ये दावा दाखल केला. जून २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एन.सी.ए.ए.विरुद्ध निकाल दिला. निकाल शैक्षणिक लाभांपुरता मर्यादित होता. परंतु अशी व्यवस्था दुसऱ्या जवळजवळ कोणत्याही उद्योगात बेकायदा ठरली असती, असे न्या. कॅव्हॅनॉ यांनी स्वतंत्र मतपत्रात बजावले. लगेच पुढल्या महिन्यात खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीचा पैसा घेण्याची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या हाउस तडजोडीने तर पूर्वीच्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलरची भरपाई देऊ केली, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंत थेट वाटण्याची वाट मोकळी केली.

इथे चाहता म्हणतो की, मुले भाडोत्री झाली. पण निष्ठेचा हा धडा प्रशिक्षकांना कोणी दिला होता? पंधरा वर्षे केंटकीचे दैवत म्हणून मिरवलेले जॉन कॅलिपारी एप्रिल २०२४ मध्ये आर्कान्साला निघून गेले, त्याला कारकिर्दीतील नवे पाऊल म्हटले गेले. तसेच मुले एका वर्षात शिक्षण सोडतात ही जुनी तक्रारही तपासून पाहावी. कोबी ब्रायंट आणि लेब्रॉन जेम्स शाळेतून थेट व्यावसायिक खेळात गेले. २००५ च्या करारात एन.बी.ए.ने १९ वर्षे वयाची आणि शाळेनंतर एक वर्ष थांबण्याची अट घातली. त्यामुळे महाविद्यालय ही अनेकांच्या दृष्टीने एक वर्षाची धर्मशाळा झाली. आता महाविद्यालयातच पैसा मिळू लागल्यावर शिक्षण पुरे होण्यापूर्वी एन.बी.ए.च्या निवडीसाठी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या लक्षणीय घटली आहे. ज्या पैशाने शिक्षण बुडेल अशी भीती होती, त्यानेच मुले विद्यापीठात अधिक काळ थांबू लागली आहेत.

तथापि चाहत्याच्या तक्रारीतला एक भाग दुर्लक्षून चालणार नाही. मार्च २०२२ मध्ये जर्सी सिटीच्या सेंट पीटर्स या लहानशा विद्यापीठाने, पंधरावे मानांकन असताना, केंटकी आणि पर्ड्यू या बलाढ्य संघांना लोळवून शेवटच्या आठांत मजल मारली. देशभर कौतुक झाले. थोड्याच दिवसांत प्रशिक्षक अन्यत्र गेले, बहुतेक प्रमुख खेळाडूही पांगले. २०२५ च्या स्पर्धेतील अखेरचे सोळाही संघ चार धनाढ्य गटांतूनच आले आणि उपांत्य फेरीत चारही अव्वल मानांकित संघ उतरले. या स्पर्धेचे सारे आकर्षण ज्या अनपेक्षिततेत होते, तीच आटू लागली आहे. मिळकतीची वाटणीही न्याय्य नाही. २०२४ मध्ये केटलिन क्लार्क खेळत असलेला महिलांचा अंतिम सामना पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला, तरी नव्या रकमेत मोठ्या विद्यापीठांतून सिंहाचा वाटा पुरुषांच्या फुटबॉलला आणि बास्केटबॉललाच जातो.

हा दोष खेळाडूंना पैसा दिल्याचा नाही, तो अर्धवट दिल्याचा आहे. एन.बी.ए.मध्ये खेळाडूंची संघटना आहे, तिच्याशी वाटाघाटी होतात, कराराची मुदत ठरते, संघांच्या खर्चाला मर्यादा असते आणि सर्वांत दुबळ्या संघांना निवडीत अग्रक्रमाची अधिक संधी मिळते. लहान शहरांचे संघ टिकतात ते यामुळे. महाविद्यालयांना मात्र पगार द्यायचा आहे, पण मालक म्हणवून घ्यायचे नाही. मालक नाही म्हणून बांधून ठेवणारा करार नाही. करार नाही म्हणून दर वसंतात पळापळ. डार्टमथच्या बास्केटबॉलपटूंनी मार्च २०२४ मध्ये १३ विरुद्ध २ मतांनी कामगार संघटना स्थापण्याचा कौल दिला. विद्यापीठाने त्यांच्याशी बोलणी करण्यास नकार दिला आणि वर्षअखेर, वॉशिंग्टनमधील सत्ताबदलाच्या तोंडावर, त्यांनी अर्ज मागे घेतला. जुलै २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात आलेल्या, एन.सी.ए.ए.चा पाठिंबा असलेल्या विधेयकात संस्थेला मक्तेदारीविरोधी कायद्यापासून संरक्षण तर आहेच. शिवाय खेळाडू हा विद्यापीठाचा कर्मचारी मानला जाऊ नये, असे कलमही आहे.